लोखंडी वाटीतला हिरडा

घोडेगाव,
६ एप्रिल २०२५, रामनवमी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत. मजेत नाही ते फक्त माझं पोट, आणि त्याच्यावर औषधं सुचवण्यात बाकीच्यांचा वेळ छान जातोय.

तू म्हणशील, घरात माणशी एक मोबाईल असताना ही बाई पत्र कसलं लिहिते? कारण सांगते. आमच्या सासूबाईंना फोन स्पीकरवरच लागतो. मी फोन कानाला लावून बोलले की त्यांना वाटतं, त्यांच्याबद्दल बोलणं चाललंय. (बऱ्याचदा ते खरं असतं.) मग स्पीकर लावायचा, नवरोबा सोमनाथराव टीव्हीचा आवाज बारीक करणार, आणि सगळ्यांसमोर मी काहीतरी टिंगल करून फोन ठेवणार. पत्राचं एक बरं असतं, समोर हसायला कोणी नसतं.

तर पोट. शिमग्यापासून जळतंय. छातीच्या हाडाखाली कुणी निखारा ठेवून विसरून गेल्यासारखं. दोन घास खाल्ले की शांत, घटकाभराने पुन्हा सुरू. इथल्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, ‘अल्सर असावा’ म्हणाले, गोळ्या दिल्या आणि मंचरला जाऊन दुर्बिणीने आतून तपासून घ्या म्हणाले. गोळ्यांनी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या. दुर्बिणीला मी ‘बघू’ म्हणाले. ‘बघू’ म्हणजे काय ते तुला सांगायला नको, आपण दोघी एकाच बापाच्या.

पण डॉक्टरांनी ‘अल्सर’ हा शब्द उच्चारला आणि तो माझ्याआधी घरी पोचला. तेव्हापासून माझ्या पोटावर रोज ग्रामसभा भरते. ऋतिका पुण्याहून लेकीच्या मायेने कोबीच्या रसाचे व्हिडिओ पाठवते. त्यात एक गोरीपान बाई हिरवा पेला तोंडाला लावून अशी हसते, की तिला आयुष्यात कधी पित्त झालंच नसावं. मी तो रस केला. घरात उकिरड्याचा वास सुटला आणि सोमनाथराव म्हणाले, ‘हे पिऊन अल्सर पळणार असंल, तर त्याचं काही चुकत नाही.’ शाळेत आमचे रामदास सर कोहळ्याच्या बाजूचे. रोज डब्याच्या सुट्टीत कोहळ्याचं माहात्म्य सांगतात आणि सांगता सांगता माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचलतात, ‘तुम्हाला नको हे, मॅडम.’ ज्येष्ठमधाची काडी मी स्वतःहून सुरू केली. वर्गात चघळते. पोरांना वाटतं बाई खडू खातात.

आहाराचं तर विचारूच नकोस. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, ताकात कुस्करलेली भाकरी. दात नसलेल्या माणसाचं ताट. परवा चुलत नणंदेकडे जत्रेला गेलो. मासवडीचा बेत, वर लालभडक रस्सा, त्यावर बोटभर तवंग. माझ्या पानात दहीभात आणि एक केळं. आज तर सुंठवडासुद्धा सासूबाईंनी माझ्या हातातून काढून घेतला. ‘सुंठ उष्ण असती,’ म्हणाल्या. रामाचा जन्म मी कोरडाच साजरा केला.

सासूबाईंचं औषध मात्र वेगळं. तुला आमचं घर माहीत आहे. या दिवसांत भीमाशंकराच्या डोंगरातल्या गावांमधून बाळहिरडा येतो, सोमनाथराव तो घेतात, वाळवतात आणि गाडी भरून पुढे पाठवतात. गच्चीवर हिरडा, अंगणात हिरडा, जिन्याच्या पायरीवर हिरडा. घरातल्या प्रत्येकाची बोटं काळी. अशा घरात पोट दुखलं तर औषध शोधायला लांब जायचं कशाला? सासूबाईंनी हिरडा कुटला, पूड लोखंडी वाटीत रात्रभर भिजत घातली आणि सकाळी माझ्या ओठाला लावली. वाटी त्यांच्या सासूच्या वेळची. मेंढरं घेऊन फिरायच्या तेव्हा कोकरांना औषध पाजायची ही वाटी. म्हणजे एम. ए. बी. एड. होऊन मी शेवटी कोकरांच्या रांगेत बसले. चव सांगते: दप्तरात सांडलेली शाई पिऊन बघ. रंगही तोच. लोखंडात भिजला की हिरडा काळाकुट्ट होतो.

गंमत म्हणजे खरंच उतार वाटतो. दुपारपर्यंत जळजळ कमी असते. म्हणून नियमाने घेते.

आता एक गोष्ट लिहिते. लिहिण्यासारखी नाही, पण बहिणीला नाही तर कुणाला लिहायची? सकाळी परसाकडेला काळं होतं. डांबरासारखं. मी आधी घाबरले, मग लाज सोडून सासूबाईंना विचारलं. तर त्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. ‘अगं बाय, हिरडा लोखंडात पडला की त्याची शाई व्हती. शाई प्याल्यावर शाईच येनार. दूध येनार व्हय?’ सोमनाथरावांनी आपली काळी बोटं दाखवली. ‘वरून धरला तर ही गत. आतून गेल्यावर काय होईल?’ निकाल लागला. सभा संपली.

तेव्हा काळजीचं कारण नाही. हे वाचून तुझं मन लगेच आपल्या नानांच्या शेवटच्या दुखण्याकडे जाईल, म्हणून आधीच लिहून ठेवते. नानांनी हिरडा घेतला नव्हता.

भावजींना नमस्कार. तुझ्या सूनबाईंना आशीर्वाद. कैऱ्या आल्या की लोणचं घालशील ना? मला नको, पण बरणीचा फोटो पाठव.

तुझी,
इंदू


घोडेगाव,
२० एप्रिल २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, आणि त्यातल्या दोन शिव्या. आईचं अक्षर आणि नानांचा राग, दोन्ही तुझ्याकडेच गेलं.

‘हिरडा बंद कर आणि रंग बघ. बदलला नाही तर त्याच दिवशी मंचर गाठ.’ असं लिहिलंस. नंतर धीर धरवला नाही म्हणून फोनही केलास, तो अर्थात स्पीकरवर. तू विचारलंस, ‘काय गं, बदलला का रंग?’ आणि मी म्हणाले, ‘हळदीसारखा पिवळा, ताई. वाटल्यास भंडारा म्हणून उधळ.’ सगळे हसले. तूही हसलीस. तुझा श्वास सुटल्याचं मला इकडे ऐकू आलं.

त्याच्याकडे येते. आधी इकडचं.

शाळेत वार्षिक परीक्षा चालू आहे. ऊन असं, की पर्यवेक्षण करताना पोरांआधी आम्हीच पेंगतो. नववीच्या एका कन्येने ‘माझा आवडता पदार्थ’ या निबंधात लिहिलंय, ‘आमच्या बाईंना मासवडी आवडते पण त्यांना ती खाता येत नाही म्हणून त्या उदास दिसतात.’ मी तिला पूर्ण गुण दिले. उदास दिसते हे मला माहीत नव्हतं.

बुधवारी संकष्टी झाली. मी दरवर्षीप्रमाणे उपास धरणार होते, तर सासूबाईंनी दारातच अडवलं. ‘तुज्या पोटाला न्हाई झेपायचा. तुजा मी धरते.’ मी म्हणाले, ‘आत्या, तुमचा तुम्हीच धरताय ना?’ तर म्हणतात, ‘मग काय झालं? त्यात काय दोन येळा जेवायचं असतंय? एकाच उपाशी पोटात दोन बसतील.’ दिवसभर पाण्यावर राहिल्या. संध्याकाळी सोमनाथरावांना ओझरला न्यायला लावलं. विघ्नहराच्या पायरीवर त्यांनी डोकं ठेवलं ते बराच वेळ उचललंच नाही. मागची माणसं कुरकुरायला लागली. ‘अहो पावणं, सरका की,’ कुणीतरी म्हणालं. त्या उठल्या आणि त्या माणसाला म्हणाल्या, ‘सरकते. मला दोघींचं सांगायचं व्हतं, म्हून उशीर झाला.’

ताई, मी त्यांच्यामागे उभी होते. हसले. सवयीने हसले.

आता ते. आणखी कुठली बातमी उरलेली नाही.

तुझं पत्र आल्यावर मी हिरडा बंद केला. सासूबाईंना सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटलं असतं. सकाळी त्या वाटी देऊन गोठ्यात गेल्या की मी ती जास्वंदीच्या बुडात ओतायची. जास्वंद ठणठणीत आहे. पहिल्या दिवशी म्हटलं, कालचा असेल आतला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, माझी आतडी हळू चालत असतील, मी कुठे कुठल्या कामात चपळ आहे? पुढे म्हणायला काही सुचेना. रंग बदलला नाही, ताई. फोनवर मी खोटं बोलले. तसंच आहे. काळं, चिकट, आणि त्याला एक वास आहे. तो वास तुला माहीत आहे. जुन्नरच्या घरात नानांच्या खोलीचं दार उघडलं की यायचा. तू आत जायचीस, मी उंबऱ्यावर उभी राहायचे.

मग मी काय केलं असेल? मंचर गाठलं? नाही. मी हिरडा पुन्हा सुरू केला.

ही गोष्ट मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही, तुला सांगून बघते. हिरडा घेतला की काळ्याला कारण असतं. सकाळी वाटी प्यायले की दिवसभर मी म्हणू शकते, हिरड्याने आहे. हिरडा सोडला की ते काळं नुसतंच काळं राहतं. त्याच्याकडे बघायला मग मी एकटी उरते. आता मी वाटी तळापर्यंत चाटूनपुसून पिते. सासूबाई खूश आहेत. ‘आता कशी गोडी लागली!’ म्हणतात.

परवा पेपर चालू असताना फळ्यावर वेळ लिहायला गेले आणि फळा मागे मागे गेला. बाकाला धरून खाली बसले. पोरांना म्हटलं, ‘बघू नका, कॉपी करायला एवढी चांगली संधी पुन्हा येणार नाही.’ पोरं हसली. रामदास सरांनी लिंबूपाणी आणलं. उन्हाने झालं, असं सगळ्यांचं ठरलं. इथे सगळ्याचंच काहीतरी ठरतं. तेव्हापासून जिना चढताना अर्ध्यात थांबते. हिरडा वाळलाय का ते बघतेय असं दाखवते. नखं पांढरी पडलीत. हळदीत हात घातल्याने असतील असं म्हणणार होते, पण हळद पांढरी नसते.

त्या दुर्बिणीला मी घाबरत नाही. नळी घशातून घालतात म्हणे, घालू देत. त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला पडद्यावर जे दिसेल ते बघून डॉक्टरांचा चेहरा कसा होईल, त्याला मी घाबरते. नानांच्या डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला होता. आधी ‘पित्त आहे, पित्त आहे’ म्हणत किती गप्पा मारायचे. त्या दिवसानंतर एकदम नम्र झाले.

रागावू नकोस. आणि फोन करू नकोस, मी पुन्हा हळद म्हणेन.

परीक्षा संपू दे. मग बघू.

इंदू

ता. क. – वर ‘बघू’ लिहिलंय ते माझ्या आत्ता लक्षात आलं. खोडत नाही.


मंचर,
१ मे २०२५

प्रिय ताई,

पत्त्यावर घोडेगाव नाही हे बघून दचकली असशील. तुला फोन करू नका, मीच लिहीन, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. मी इस्पितळात आहे आणि बसून लिहिते आहे, म्हणजे तेवढी बरी आहे. एका हाताला सुई आहे. तो डावा आहे. नशिबाने खडू उजव्या हातात धरते.

परवा सकाळी नळाला पाणी आलं म्हणून उठले, हंडा उचलला, आणि पुढचं मला आठवतं ते अंगणात वाळत घातलेल्या हिरड्यावर पडल्याचं. सबंध अंग काळं. वर सोमनाथराव ‘इंदू, ए इंदू’ करतायत आणि सासूबाई त्यांच्या अंगावर ओरडतायत, ‘हाका काय मारतोस? गाडी काढ!’ मग मला उलटी झाली. कॉफीच्या गाळासारखी. त्या वेळेपर्यंत मी त्या दिवशीची वाटी प्यायलेच नव्हते, ताई. सासूबाईंना ते माहीत होतं. वाटी भरलेली तशीच ओट्यावर होती.

हिरड्याच्या गाडीतूनच आणलं मला. मागे पोती, पुढे मी मधोमध. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि वाटेतल्या प्रत्येक देवळाला माझाच हात धरून जोडत होत्या.

इथले डॉक्टर तरुण आहेत. आल्या आल्या विचारलं, ‘परसाकडेचा रंग?’ सोमनाथराव म्हणाले, ‘काळा, पण तो हिरड्याचा. हिरडा चालू आहे ना तिला.’ डॉक्टर म्हणाले, ‘कुणी दिला?’

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. ताई, ही बाई मेंढरांमागे उन्हापावसात चालत म्हातारी झाली. हिच्यासमोर सासरे गेले, एक मुलगा गेला. मी लग्न होऊन आल्यापासून हिला कुणाच्या पुढे मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. त्या हात जोडून उभ्या राहिल्या. ‘म्या दिला, डाक्टर. लोखंडात भिजवून दिला. माज्या हातानं झालं. तिच्या लेकीला काय सांगू म्या आता?’

मला गप्प बसता आलं असतं. ताकदही नव्हती आणि सोयही होती. पण त्यांचे ते काळे हात बघवेनात. मी म्हणाले, ‘आत्या, तुमच्या हिरड्याने नाही. मधे मी बंद केला होता. जास्वंदीत ओतत होते. तरी काळंच होतं.’

डॉक्टर लिहायचे थांबले. सासूबाई वळल्या.

‘म्हंजे तुला ठावं व्हतं?’

मी मान हलवली.

‘ठावं असून परत प्यालीस?’

‘हो.’

‘कशापायी?’

माझ्याकडे एक छान उत्तर होतं. म्हणजे, जीभ सवयीने उचलली गेलीच होती. पण तोंड कोरडं होतं आणि नुसतं ‘भीती वाटली’ एवढंच बाहेर आलं.

त्या जवळ आल्या. मला वाटलं मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या गालावरची हिरड्याची पूड पदराने पुसली आणि म्हणाल्या, ‘भ्याली व्हतीस तर मला सांगायचं. मी काय हसले असते व्हय गं?’

दुर्बिणीबद्दल तुला उत्सुकता असेल. घशात फवारा मारतात, घसा मेल्यासारखा होतो. मग दातात एक कडं, आणि त्यातून नळी. मी डोळे मिटून घेतले होते. नळी आत असताना बोलता येत नाही, आयुष्यात पहिल्यांदाच मी एखाद्या गोष्टीवर शेरा मारू शकले नाही. डॉक्टर बाजूच्या सिस्टरला म्हणाले, ‘हे बघा.’ दोनच शब्द. ताई, त्या दोन शब्दांमध्ये मी तुम्हा सगळ्यांना भेटून आले.

जठरात खड्डा आहे. त्यातून रक्त झिरपत होतं, कितीतरी दिवस. तेच काळं होऊन बाहेर येत होतं. तिथेच सुई देऊन त्यांनी ते थांबवलं. रक्त चढवलं. मग प्रश्न. ‘दुखण्याच्या गोळ्या घेता का?’ घेत होते ना. गुडघ्यासाठी. दिवसभर वर्गात उभं राहायचं म्हणून मेडिकलमधून आणायचे आणि सकाळी रिकाम्या पोटीच गिळायचे. त्या गोळ्यांबद्दल घरात कधी सभा भरली नाही. रामदास सर कोहळा सांगत होते, लेक कोबी सांगत होती, आणि मी मुकाट्याने रोज ती पांढरी गोळी घेत होते. शिवाय एक जंतूही असतो म्हणे पोटात, त्याचीही औषधं देणार आहेत.

मी विचारलं, ‘मग भात-वरण, ताक, ज्येष्ठमध, हे सगळं फुकट?’ डॉक्टर म्हणाले, ‘साधं खा, वेळेवर खा, तिखट सोसत नसेल तर टाळा. पोटाला आराम पडतो. पण भोकातून रक्त गळत असताना भाकरी मऊ होती का कडक, याने काय होणार?’ माणूस बरा आहे. मी असंच बोलले असते.

आणि हिरडा? तर म्हणाले, ‘हिरड्याने अल्सर झाला नाही. पण त्याने तुमचा रंग झाकला. आणि तुम्ही झाकू दिलात.’ शेवटचं वाक्य त्यांनी जरा हळू म्हटलं. सासूबाई तेव्हा पाणी आणायला गेल्या होत्या.

आता उरलेलं. खड्ड्याच्या कडेचा तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवलाय. ‘दिसायला साधा वाटतो. पण जठरातल्या अल्सरचा तुकडा आम्ही तपासतोच. आणि तुमच्या वडिलांचं तुम्ही सांगितलंत, तर...’ असं म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी त्यांचा चेहरा बघत होते. नम्र झाला नव्हता. निदान मला तसं वाटलं. मग वाटलं, तरुण आहेत, यांना अजून नम्र होता येत नसेल. आता दिवसभर मी तो चेहरा आठवून आठवून वाचते. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल.

सोमनाथराव हिरडा पाठवायला घोडेगावला गेलेत. गाडी भरून उभी आहे, ती थांबत नाही. जाताना दारापर्यंत गेले, परत आले, माझी चादर सारखी केली. पुन्हा दारापर्यंत गेले. आमच्याकडे याला बोलणं म्हणतात. ऋतिका उद्या येते. तिला फोनवर मी ‘पोटाला जरा पंक्चर झालंय’ म्हणाले. ती रडली.

एवढ्यावर हे पत्र संपवणार होते. ‘काळजी करू नकोस’ लिहायला घेतलं होतं. पण सासूबाई शेजारच्या स्टुलावर बसून मघापासून माझ्या हाताकडे बघतायत. त्यांना वाचता येत नाही, पण मी कुठल्या वाक्याला थांबते हे त्यांना दिसतं.

‘काय लिवलंस शेवटाला?’

‘काळजी करू नकोस.’

‘खोड ते.’

‘आत्या, अहो...’

‘खोड म्हनते ना. माजं लिव. म्या सांगते तसं. आनि मधी तुजी गंमत घालायची न्हाई.’

मी खोडलं आहे. खाली त्या सांगतायत तसं लिहिते.

‘नूतनताईंना बानूबाईचा नमस्कार. तुमच्या भनीला लई भ्या वाटतंय. दिवसा ती नर्सबायांना हसवती, आन् हात बघावा तर बर्फावानी गार. झोपंत नानांना हाका मारती. इचारलं तर म्हनती, कुटं, मी न्हाई. तिला वाटतंय तुमच्या वडलांचं तेच तिला झालंय. ती हे तुमास्नी लिवनार न्हाई, म्हून म्या सांगते. तुमी वडलांपाशी बसला व्हता, तुमाला ठावं हाय कसं बसायचं. मला मेंढराचं कळतं, मानसाचं चुकलं. म्या वाटी भरून देत ऱ्हायले आन् माजी सून माज्यासमोर रिकामी व्हत गेली. तवा तुमी या. त्यो तुकड्याचा कागुद यायच्या आत या. बरं निगालं तर माज्या हातचं जेवून जा. वंगाळ निगालं तर ऱ्हावा. तिला एकटीला त्यो कागुद वाचू द्यायचा न्हाई. मला वाचता येत न्हाई.’

इथे त्या थांबल्या. म्हणाल्या, वाचून दाखव. दाखवलं. मधे दोनदा पाणी प्यायले. एक शब्द बदललेला नाही, ताई. एका ठिकाणी बदलावासा वाटला होता. तो त्यांच्या हातच्या वाटीबद्दलचा होता, त्यात माझा वाटा लिहायला हवा होता. त्या नको म्हणाल्या.

म्हणतात, आता सही कर.

केली.

इंद्रायणी